‘करणेत यावे’ : नगरपरिषदेच्या ठरावभाषेतील कर्त्याचा प्रश्न

मराठी गद्याचा विचार करताना समीक्षकाची दृष्टी सामान्यतः कादंबरी, निबंध, चरित्र आणि फार तर वृत्तपत्रांतील अग्रलेख यांच्यापलीकडे जात नाही. परंतु महाराष्ट्रातील लहान शहरांत गेली अनेक दशके ठराविक मुदतीने, अखंडपणे आणि कोणाच्याही प्रतिभेची वाट न पाहता जे गद्य लिहिले जात आहे, ते नगरपरिषदेच्या इतिवृत्तवहीतील होय. कचेरीत या वहीला ‘प्रोसिडिंग’ म्हणतात. तिला वाचक थोडे. ज्यांना वाचावी लागते ते बहुधा तक्रार घेऊन आलेले असतात. तथापि तिच्यातील एकेका वाक्यावर एखाद्या आळीचे पाणी, एखाद्या भाजीवाल्याची बाजारातील जागा किंवा एखाद्या सफाई कामगाराची नेमणूक अवलंबून असते. ज्या गद्याच्या शब्दरचनेवर इतके अवलंबून आहे, त्याची समीक्षा ललित गद्याच्या समीक्षेइतकीच काटेकोर असावयास हवी.

या गद्यावर आजवर जी टीका झाली ती मुख्यतः शब्दसंग्रहावर. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले, १९६४ चा महाराष्ट्र राजभाषा अधिनियम आला, आणि शासनव्यवहारासाठी परिभाषा घडविण्याचे मोठे काम हाती घेण्यात आले. त्या परिभाषेच्या संस्कृतप्रचुरतेची थट्टा तेव्हापासून चालू आहे. ही थट्टा सर्वस्वी निराधार नाही. परंतु ती नेमक्या जागी बसत नाही. राज्यव्यवहाराची परिभाषा जाणीवपूर्वक घडविण्याची परंपरा मराठीत शिवकालीन राज्यव्यवहारकोशापासून आहे, आणि बडोद्याच्या ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरू’नेही (१९३१) तेच कार्य वेगळ्या परिस्थितीत केले. घडविलेला शब्द प्रथम हास्यास्पद वाटतो आणि दहा-वीस वर्षांत अंगवळणी पडतो. ‘नगराध्यक्ष’, ‘मुख्याधिकारी’, ‘निविदा’, ‘अंदाजपत्रक’ हे शब्द आज बाजारपेठेतला माणूस सहज उच्चारतो, आणि त्याच दमात ‘टेंडर’ आणि ‘बजेट’ही म्हणतो. त्याची अडचण शब्दाची नाही.

शिवाय या इतिवृत्तांची शब्दकळा टीकाकार समजतात तितकी एकरंगी नाही. तीत संस्कृत, फार्सी-अरबी आणि इंग्रजी असे तीन थर एकाच ओळीत नांदतात. मागील सभेचे इतिवृत्त ‘कायम’ केले जाते; अर्ज ‘दप्तरी दाखल’ होतो; सभा ‘तहकूब’ होते. ‘सबब’ हा शब्द या दृष्टीने विशेष पाहण्यासारखा आहे. घरात मूल शाळा चुकविण्यासाठी ‘सबब’ सांगते. तेथे त्याचा अर्थ निमित्त, पुष्कळदा खोटे निमित्त, असा आहे. इतिवृत्तात मात्र ‘सबब’ हे ‘म्हणून’ या अर्थाचे उभयान्वयी अव्यय आहे : ‘सबब सदर काम मंजूर करणेत येत आहे.’ अरबीतील मूळ ‘कारण’ हा अर्थ कचेरीने जपला आणि घराने त्याला संशयाची छटा दिली. ‘कारवाई’ आणि ‘कार्यवाही’ यांचीही अशीच फारकत झाली आहे : पहिली एखाद्याविरुद्ध होते, दुसरी एखाद्या कागदावर. प्रदेशपरत्वे आणखी भेद आढळतात. विदर्भात १९२२ च्या मध्यप्रांत-वऱ्हाड कायद्याची ‘कमिटी’ होती, हैदराबाद संस्थानात उर्दू ‘बलदिया’ होती, मुंबई इलाख्यात ‘म्युनिसिपालिटी’ आणि ‘बरो’ होत्या. १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियमाने हे सर्व एका छत्राखाली आणले आणि ‘नगरपरिषद’ हे एकच नाव दिले. बोलण्यात अजून ‘नगरपालिका’च चालते, आणि त्यात काही बिघडत नाही.

दोष असेल तर तो शब्दांत नसून वाक्यरचनेत आहे, आणि तो शोधण्यासाठी विषयपत्रिकेपासून आरंभ केला पाहिजे.

कायद्याप्रमाणे नगरपरिषदेची सर्वसाधारण सभा दोन महिन्यांतून एकदा भरावयाची असते. सभेपूर्वी सदस्यांना विषयपत्रिका पोहोचते. तिच्यातील प्रत्येक विषय भाववाचक क्रियारूपाने संपतो : मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, अमुक प्रभागातील गटारदुरुस्तीबाबत विचार करणे, आठवडे बाजाराच्या फीवसुलीच्या लिलावास मंजुरी देणे. ‘-णे’ या रूपाला काळ नाही, पुरुष नाही, कर्ता नाही. विषयपत्रिकेपुरते ते उचितच आहे. कोणी काय करावयाचे हे सभेत ठरणार असल्यामुळे आधी कर्ता नेमणे गैर ठरेल. प्रश्न असा, की सभा होऊन गेल्यावर, चर्चा संपल्यावर, सूचक-अनुमोदकांची नावे लिहून झाल्यावर तरी हा कर्ता वाक्यात येतो काय?

इतिवृत्ताच्या रूढ धाटणीचे एक वाक्य रचून पाहावे : ‘सदर विषयावर सविस्तर चर्चा होऊन, प्रभागातील नागरिकांची गैरसोय होत असलेने, गटाराची दुरुस्ती तातडीने करणेत यावी असे सर्वानुमते ठरले.’ यातील ‘करणेत’ आणि ‘असलेने’ ही रूपे प्रथम लक्षात घ्यावीत. प्रमाण मराठीत ‘करणे’चे सामान्यरूप ‘करण्या-’ होते आणि ‘असलेले’ यासारख्या रूपांतून ‘असल्याने’ येते. कचेरीतील लेखनिक हे सामान्यरूप टाळतो. मूळ नाम तसेच ठेवून त्याला प्रत्यय जोडतो. ‘मिळणेबाबत’, ‘झालेमुळे’, ‘करणेस’ ही त्याच कुळातील रूपे होत. शाळेतील शिक्षक याला अशुद्ध म्हणेल. परंतु ही चूक नव्हे, हे दप्तराचे वळण आहे. पिढ्यानुपिढ्या एक लेखनिक दुसऱ्याकडून ते उचलतो आणि त्या वळणावरून कागद ‘सरकारी’ आहे हे वाचणाऱ्याला अर्थ कळण्यापूर्वीच कळते. एवढ्यापुरते ते निरुपद्रवी मानावयास हवे.

‘-ण्यात येणे’ या क्रियाप्रयोगाचे मात्र तसे नाही. मराठीत कर्त्याला बाजूस सारण्याचे मार्ग एकाहून अधिक आहेत, आणि त्यांतील अर्थभेद सूक्ष्म आहेत. ‘नगरपरिषदेने गटार बांधले’ या वाक्याला व्याकरणात कर्मणि प्रयोग म्हणतात. क्रियापद कर्माप्रमाणे चालते. परंतु त्यात कर्ता तृतीयेत ठामपणे उभा आहे; म्हणून मराठीतील ‘कर्मणि’ म्हणजे कर्त्याचा लोप असे समजणे ही इंग्रजी व्याकरणाच्या सवयीची चूक होय. ‘गटार बांधले गेले’ यात कर्ता मागे सरतो. ‘गटार बांधण्यात आले’ यातही सरतो. पण या तिसऱ्या रचनेला एक अट आहे. ‘वाऱ्याने झाड पाडले गेले’ हे वाक्य ओढूनताणून का होईना चालते. ‘वाऱ्याने झाड पाडण्यात आले’ हे मराठी कानाला चालत नाही. ‘नदीचे पाणी वाढण्यात आले’ असे तर कोणीच म्हणणार नाही. म्हणजे ‘-ण्यात येणे’ या रचनेला क्रियेमागे बुद्धिपुरस्सर वागणारा मानवी कर्ता असावाच लागतो. तो आहे हे ही रचना गृहीत धरते. मात्र तो कोण हे सांगण्याची सक्ती ती करीत नाही. ‘-तर्फे’, ‘-कडून’ असे शब्द घालून त्याला आणता येते, परंतु व्याकरणाच्या दृष्टीने ते ऐच्छिक आहे, आणि कचेरीत जे ऐच्छिक असते ते सहसा गळते.

या रचनेच्या बाजूने एक रास्त युक्तिवाद आहे, आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. सभा ही व्यक्ती नव्हे. ठराव नगराध्यक्षांचा नसतो, सूचकाचा नसतो, बहुमताचाही नसतो. एकदा संमत झाला की तो संस्थेचा असतो. ‘आम्ही मंजूर करतो’ असे लिहिले तर विरोधात मत देणाऱ्यालाही त्या ‘आम्ही’त कोंबल्यासारखे होते. व्यक्तिनिरपेक्ष रचना ही या दृष्टीने लोकशाही शिष्टाचाराचा भाग आहे. हे म्हणणे ‘मंजूर करण्यात येत आहे’ या वाक्याबाबत पूर्णपणे खरे आहे.

ते खरे का आहे हे जे. एल. ऑस्टिन यांच्या विवेचनावरून स्पष्ट होते. १९६२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानांत त्यांनी दाखविले, की काही वाक्ये घटनेचे वर्णन करीत नाहीत, ती उच्चारणे हीच घटना असते. ‘अंदाजपत्रक मंजूर करण्यात येत आहे’ हे या जातीचे वाक्य आहे. नोटीस वेळेवर निघाली असेल, गणपूर्ती झाली असेल, विषय नगरपरिषदेच्या अधिकारातला असेल, तर वाक्य उच्चारताच अंदाजपत्रक मंजूर होते. आणखी कोणी काही करावयाचे उरत नाही. येथे कर्ता अध्याहृत असला तरी अज्ञात नाही. सभा हाच तो कर्ता, आणि उपस्थितांची यादी त्याच पानावर आहे.

‘दुरुस्ती करण्यात यावी’ या वाक्याची जात निराळी. ते उच्चारल्याने गटार दुरुस्त होत नाही. त्यासाठी कोणीतरी अंदाजखर्च तयार केला पाहिजे, कोणीतरी निविदा काढली पाहिजे, कोणीतरी फावडे हाती घेतले पाहिजे. येथील अध्याहृत कर्ता सभा असू शकत नाही. तो सभेबाहेरचा आहे, आणि त्याचे नाव पानावर कोठेही नाही. एकच प्रत्ययरचना दोन्ही वाक्यांना सारखाच पोशाख चढविते, त्यामुळे दुसऱ्या जातीचे वाक्यही पहिल्यासारखे पूर्ण झाल्याचा भास होतो. सभागृहातून बाहेर पडणाऱ्या सदस्याला ‘ठराव झाला’ म्हणजे ‘काम झाले’ असे वाटते, आणि तो तसे प्रभागात सांगतोही. यात त्याचा अप्रामाणिकपणा असेलच असे नाही; वाक्याच्या घाटाने त्याला फसविलेले असते.

ही केवळ व्याकरणाची कोटी नव्हे, हे पाहावयाचे तर महाडचे उदाहरण समोर ठेवले पाहिजे. महाड हे तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील लहान शहर. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला : सार्वजनिक खर्चाने बांधलेल्या वा चालविलेल्या पाणवठ्यांचा, विहिरींचा, धर्मशाळांचा, तसेच शाळा, न्यायालये, दवाखाने यांचा वापर अस्पृश्य वर्गांना करू द्यावा, अशी त्यात शिफारस होती. सरकारने पुढील महिन्यात त्यावर परिपत्रक काढले. परंतु स्थानिक संस्थांच्या बाबतीत त्याचा सूर आज्ञेचा नव्हता, शिफारस स्वीकारण्याच्या इष्टतेचा विचार करावा असे त्यांना सुचविण्यापुरता होता. महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी ठराव करून चवदार तळे सर्वांना खुले केले.

त्या ठरावाची मूळ शब्दरचना हा येथे मुद्दा नाही. त्या कृतीची जात हा मुद्दा आहे. तळे ‘खुले करणे’ हे दिसावयास पहिल्या जातीचे विधान आहे. ठराव झाला, तळे खुले झाले. नगरपालिकेपुरते काम संपले. वस्तुतः ते दुसऱ्या जातीचे होते. पाणी भरावयास आलेल्या माणसाला कोणी अडविले तर त्या अडविणाऱ्याला कोण आवरणार, याचे उत्तर कोठेच नव्हते. परिणामी तीन वर्षे ठराव कागदावर राहिला आणि अस्पृश्यांपैकी कोणाला त्या तळ्याचे पाणी घेता आले नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली परिषदेचे प्रतिनिधी तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तेव्हा त्या ठरावाला प्रथम कर्ता मिळाला. त्या दिवशी परतणाऱ्या प्रतिनिधींवर झालेला हल्ला सर्वश्रुत आहे.

यापुढचा भाग ठरावभाषेच्या अभ्यासकाने विशेष बारकाईने पाहावा. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. बोले यांच्या ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे झाली होती. तळे प्रत्यक्षात खुले करण्यासाठी तीन वर्षे पुरली नव्हती. ठराव रद्द करण्यासाठी एक सभा पुरली. कारण रद्द करणे ही खरोखर पहिल्या जातीची कृती आहे. तीत सभेबाहेरच्या कोणाला काही करावे लागत नाही. जी सभा एक प्रकारच्या वाक्याबाबत पांगळी होती तीच दुसऱ्या प्रकारच्या वाक्याबाबत पूर्ण समर्थ ठरली. प्रकरण पुढे न्यायालयात गेले, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने, स्पृश्यांनी सांगितलेली बहिष्काराची अनादी वहिवाट सिद्ध होत नाही असे ठरवून, डॉ. आंबेडकरांच्या बाजूने निकाल दिला. पहिल्या ठरावापासून तोवर तेरा वर्षे लोटली होती.

अशा इतिहासाच्या पार्श्वभूमीवर ‘सर्वानुमते’ हा शब्दही तपासून घ्यावा लागतो. या शब्दाने चर्चेतील सर्व आवाज एकदम मिटवून टाकले जातात. ‘सविस्तर चर्चा होऊन’ असे म्हटले की चर्चेत काय झाले हे लिहिण्याची गरज उरत नाही. महात्मा फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉयच्या स्वागतावर सार्वजनिक पैसा खर्च करण्यास त्यांनी एकट्याने विरोध केला, हे आज आपणास ठाऊक आहे, याचे कारण तो विरोध नावानिशी टिकला. त्या प्रसंगी ‘बहुमताने मंजूर’ एवढेच उरले असते तर नगरपालिकेच्या खर्चात काही फरक पडला नसता. इतिहासातील एक महत्त्वाची नोंद मात्र नाहीशी झाली असती.

ठरावात कर्ता अजिबात येतच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. एक रूढ शब्दयोजना त्याला आणते : ‘पुढील कार्यवाहीसाठी मुख्याधिकारी यांना प्राधिकृत करणेत येत आहे.’ येथे अधिकाऱ्याचे पद स्पष्ट आहे. परंतु तो वाक्यात कर्ता म्हणून येत नाही. ‘यांना’ या प्रत्ययाने, कोणीतरी काहीतरी दिलेला माणूस म्हणून येतो. त्याला अधिकार मिळाला आहे. कर्तव्य मिळालेले नाही. अधिकार वापरला नाही म्हणून कोणाला दोष देता येत नाही. मुख्याधिकारी हा शासनाने नेमलेला अधिकारी असतो आणि सभा लोकांनी निवडलेली. या दोहोंमधील नाजूक संबंध या एका ‘यांना’मध्ये साठलेला आहे. सभा त्याला आज्ञा करण्याचे टाळते आणि तो आज्ञा झाली नाही म्हणून स्वस्थ राहू शकतो. २०२२ नंतर अनेक नगरपरिषदांच्या निवडणुका लांबून तेथे प्रशासक आले, आणि पुष्कळ ठिकाणी मुख्याधिकारी हेच प्रशासक झाले. सभा आणि अंमलबजावणी ही दोन्ही कामे तेव्हा एकाच माणसाकडे होती. कर्ता कोण हा प्रश्न वस्तुस्थितीत सुटला होता. अशा वेळी व्यक्तिनिरपेक्ष रचनेचा शिष्टाचार कोणासाठी पाळावयाचा, हे सांगणे कठीण आहे.

यावर मराठीत दुसरी रचनाच उपलब्ध नाही असे कोणी म्हणेल, तर ते खरे नाही. स्वतः १९६५ च्या अधिनियमाची भाषा निराळी आहे. त्याच्या ४९ व्या कलमात रस्त्यावरील दिवाबत्ती, सार्वजनिक जागांची स्वच्छता, आग विझविणे, जन्ममृत्यूची नोंद इत्यादी बाबींची वाजवी तरतूद करणे हे प्रत्येक नगरपरिषदेचे कर्तव्य ठरविले आहे. तेथे कर्तव्याला धनी आहे. ३०८ व्या कलमान्वये बेकायदा किंवा सार्वजनिक शांततेस बाधक ठरावाची अंमलबजावणी थांबविण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्याला आहे. तेथेही थांबविणारा कोण हे निश्चित आहे. अलीकडचा २०१५ चा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम याच्याही पुढे जातो : प्रत्येक अधिसूचित सेवेपुढे मुदत लिहिलेली असते, तिच्यापुढे पदनिर्देशित अधिकारी, आणि त्याच्यापुढे अपील ऐकणारा. जन्माचा दाखला मागणाऱ्याला तो कोणी आणि किती दिवसांत द्यावयाचा हे फलकावर वाचता येते. त्याच इमारतीत गटाराच्या ठरावाची नक्कल मागणाऱ्याला मात्र ‘करणेत यावी’ एवढेच वाचावयास मिळते.

‘गटारदुरुस्तीचा अंदाजखर्च नगर अभियंत्याने पुढील सभेपूर्वी सादर करावा’ हे वाक्य ‘करणेत यावी’पेक्षा लांब नाही, अवघड नाही, आणि उद्धटही नाही. तरी ते क्वचितच लिहिले जाते. याचा सर्व बोजा लेखनिकावर टाकणे योग्य नव्हे. तो जे ऐकतो ते लिहितो, आणि सभेत बहुधा कोणी अभियंत्याचे पद उच्चारलेले नसते. पद उच्चारले की पुढील सभेत त्याबद्दल विचारावे लागते. विचारले की उत्तर ऐकून घ्यावे लागते. आणि ते उत्तर पुष्कळदा निधी नाही असे असते, ज्याची जबाबदारी पुन्हा सभेकडेच येते. कर्तृहीन वाक्य हे या अर्थाने सर्वांच्या सोयीचे असते. गैरसोय होते ती ज्याच्या दारात गटार तुंबले आहे त्याची, आणि तो मतदानाला नसून प्रेक्षकांच्या बाकावर असतो.

दोन महिन्यांनी पुढील सभा भरते. पहिला विषय मागील इतिवृत्त कायम करण्याचा. वाचन होते, हरकत नसल्याची नोंद होते, इतिवृत्त कायम होते. जेथे मागील ठरावांच्या अनुपालनाचा तक्ता जोडण्याची पद्धत आहे, तेथे गटाराच्या ठरावासमोर ‘कार्यवाही चालू आहे’ असा शेरा आढळतो. ‘चालणे’ हे अकर्मक क्रियापद आहे. त्याला कार्यवाही हाच कर्ता पुरतो.